रंग वाळेपर्यंत

कंटाळा आला असं सरळ म्हणायची इंग्रज माणसाला लाज वाटते. तो म्हणतो, मागच्या दाढांपर्यंत भरलं. भरलेलं असतं ते त्याचं पोट नव्हे, सहनशक्ती. चिडला की म्हणतो, अमक्यानं माझा बकरा पळवला. आता हेदरशॉसारख्या गावात बकरा पाळलाय कुणी? डोंगरभर नुसत्या मेंढ्या. पण चिडलेल्या प्रत्येकाचा बकरा गेलेलाच असतो. बायको नवऱ्याला म्हणते, तू मला भिंतीवर चढवतोस. आणि प्रवचन लांबलं, पाहुणे हलेनात, क्रिकेटमध्ये दोघे फलंदाज दिवसभर नुसते चेंडू अडवत राहिले, की अख्खं इंग्लंड म्हणतं, हे म्हणजे रंग वाळताना बघत बसणं.

अख्खं इंग्लंड म्हणतं, पण हेदरशॉ म्हणत नाही. हेदरशॉत म्हणतात, हे म्हणजे कोंबड्या बघत बसणं. आणि याला कारण सिरिल रॅम्सडेन.

सिरिल रंग वाळताना बघायचा. ती त्याची नोकरीच होती. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी रंगाचा कारखाना होता आणि कारखान्याच्या पाठीमागे उत्तरेकडे खिडक्या असलेली एक लांबट खोली. तिथं फळ्यांवर नवा रंग फासायचा, समोर स्टुलावर बसायचं आणि तो वाळेपर्यंत बघायचं. सुरकुती धरतो का, बुडबुडा येतो का, कडा आधी वाळतात की मधला भाग. मग बोट टेकवायचं आणि पुढची फळी घ्यायची. बहुतेक फळ्या असायच्या मॅग्नोलियाच्या. हा रंग ना पांढरा, ना पिवळा, दुधावरच्या सायीसारखा. त्या देशात ज्याला कुठला रंग द्यावा ते सुचत नाही तो हा देतो, त्यामुळे बहुतेक घरं मॅग्नोलियाच. सिरिल मिसरूड फुटायच्या वयात त्या स्टुलावर बसला तो आता पन्नाशी ओलांडून गेला होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यानं एकदाही पाहिलेलं नव्हतं.

नोकरी लागली त्या रविवारी त्याच्या आईनं चॅपलमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, "आमचा सिरिल कारखान्यात लागला बरं का! रंग वाळताना बघायचं काम आहे!" आईला ते बोलणं ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून आठवलं नसावं. आनंदात असलेल्या माणसाला असलं काही आठवत नाही. पिलिंग म्हातारबांनी, तेव्हा ते म्हातारे नव्हते, रुमाल तोंडात कोंबला. मागच्या बाकावरच्यांनी भजनाच्या पुस्तकात डोकी खुपसली. पण आईचा चेहरा असा उजळला होता की हसायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्या दिवसापासून अख्खं गाव मूग गिळून बसलं. या लोकांची सभ्यता ही अशी आहे. समोरच्याच्या टोपीला आग लागली तरी ते आधी हवेबद्दल बोलतील.

कोंबड्या आल्या त्या पुढं. पाद्री थ्वेटसाहेब एकदा रंगात येऊन म्हणाले, "तुमच्यातल्या काहींना माझं प्रवचन म्हणजे रंग–" आणि तिसऱ्या बाकावर सिरिलचा स्वच्छ, उत्सुक चेहरा दिसला. साहेबांनी वाक्य वळवलं. "–रंगीबेरंगी कोंबड्या बघत बसण्यासारखं वाटत असेल." गावाला हायसं वाटलं. एवढी सोयीची वाट मिळाल्यावर कोण सोडतो? पोरं कोंबड्या ऐकतच मोठी झाली. सिरिलला मात्र कोंबड्यांची दया यायची. "त्या तर सारख्या हलत असतात," तो म्हणायचा. "मला नाही त्यांचा कंटाळा येत." लोक मान डोलवायचे आणि पावसाचा विषय काढायचे.

सिरिल राहायचा थोरल्या बहिणीकडे. डोरीनचं लग्न झालं नव्हतं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शेजाऱ्याचं फाटक वाजलं की तिच्या अंगाचा तिळपापड. किटली उशिरा उकळली की वैताग, लवकर उकळली की जास्त वैताग. पडणारा पाऊस तर नकोच, पण थांबलेला पाऊसही तिला चालत नसे, "थांबायचंच होतं तर पडला कशाला?" हे सगळं ती रोज जेवताना सिरिलला ऐकवायची. तो ऐकायचा. मधेच उठायचा नाही, जांभई द्यायचा नाही, रंगाच्या फळीकडे बघावं तसा शांतपणे तिच्याकडे बघायचा. जगात असा दुसरा माणूस मिळणार नाही हे डोरीनला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच शोरॉकबाई गावात आल्या आणि सिरिल त्यांच्याकडे जायला लागला, तेव्हा भाऊ हातचा जाईल असं तिला वाटायला लागलं.

विनिफ्रेड शोरॉक ब्लॅकपूलहून आल्या होत्या. विधवा, भरल्या अंगाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाजारपेठेच्या टोकाला त्यांनी लोकरीचं दुकान टाकलं होतं. त्यांचा नवरा केन समुद्रकाठच्या जत्रेत मौत का कुआँमध्ये मोटरसायकल चालवायचा, आणि शेवटच्या फेरीला बायकोला मागं बसवायचा. बाकीच्या बायका नवरा भिंतीवर चढवतो असं नुसतं म्हणतात. या बाईंना त्यानं खरोखर चढवलं होतं, रोज, तिकीट लावून. असा हा वाघ शेवटी गेला कशानं, तर स्वयंपाकघरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडून. तेव्हापासून, आणि खरं तर त्याच्या आधीपासून, बाईंना झोप नव्हती. रात्रभर विणत बसायच्या. दुकानाच्या फळ्या स्वेटरांनी वाकल्या होत्या.

सिरिल त्यांच्याकडे पहिल्यांदा गेला तो डोरीनसाठी राखाडी लोकर आणायला. कुठली राखाडी, असं बाईंनी विचारलं. सिरिल सगळ्या राखाड्यांकडे इतका वेळ बघत राहिला की बाईंनी मधल्या मधे चहा करून आणला. "ही निळ्याकडे झुकते," तो शेवटी म्हणाला, आणि ती घेतली. मग दर गुरुवारी चहा ठरूनच गेला. काय काम करता असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा "कारखान्यात, मागच्या बाजूला असतो" एवढंच तो बोलला. स्वतःबद्दल बोलायची त्याला सवय नव्हती. आणि गावातल्या कुणी बाईंना सांगावं, तर त्या एका गोष्टीवर गावाच्या तोंडाला कुलूप होतं.

दर गुरुवारी सिरिल ठरवून जायचा, की आज लग्नाचं विचारायचंच. सोफ्याच्या कडेवर बसायचा, चहा प्यायचा, अंजिराची बिस्किटं खायचा, विणकामाच्या सुयांची टिकटिक ऐकायचा आणि न विचारता परत यायचा. एवढं मोठं कुणाकडे मागण्यासारखं आपल्यात आहे काय, हे त्याला कळत नव्हतं.

आणि मग एका बुधवारी डोरीन दुकानात गेली. गल्ल्यापाशी एडना पिलिंग बटणं निवडत उभी होती. गावात कुणाला शिंक आली तर ती एडनाला आधी कळायची.

"आमचा सिरिल येतो ना हो तुमच्याकडे दर गुरुवारी?" डोरीन लोकरीचा गुंडा चिमटीत धरून म्हणाली. "करता तरी काय दोघं?"

"करणार काय? तो बसतो, मी विणते." शोरॉकबाईंनी जांभई दाबली. "भला माणूस आहे हो तुमचा भाऊ. पण खरं सांगू का? त्याच्याबरोबर संध्याकाळ काढायची म्हणजे रंग वाळताना बघत बसायचं!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाईंना काय ठाऊक? एडनाच्या हातातली बटणं सांडली आणि एक गडगडत दाराबाहेर गेलं.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "चुकलं का माझं काही?"

"छे, छे," एडना म्हणाली. "ढग आलेत, नाही?"

डोरीनला राग यायला हवा होता. एरवी आलाही असता. पण तिच्या मनात वेगळंच चमकलं. हे शब्द सिरिलच्या कानावर घातले की गुरुवार बंद, चहा बंद, आणि भाऊ जन्मभर आपल्याच टेबलाशी. राखाडी लोकर विसरून ती तरातरा घरी गेली.

संध्याकाळी सिरिलच्या ताटलीत स्ट्यू वाढताना तिनं तोंड उघडलं. "तुझ्या त्या शोरॉकबाई काय म्हणाल्या माहितीये तुझ्याबद्दल? सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. भर दुकानात, एडनाच्या देखत."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सिरिलबरोबर संध्याकाळ काढणं म्हणजे रंग वाळताना बघत बसणं."

सिरिलचा काटा हवेतच राहिला. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल, मग टक्कल.

"असं म्हणाल्या? खरंच?"

"अगदी याच शब्दांत."

"माझ्याबद्दल?" त्यानं काटा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "डोरीन, अगं, पण त्यांना कळलं कसं? मी तर एका शब्दानं बोललो नव्हतो कामाबद्दल. आपण होऊन त्यांनी... एवढं मोठं..."

तो उठला, कपाटातून आपला एकुलता एक चांगला कोट काढला आणि इस्त्री तापवायला ठेवली. "शनिवारी सुगीचं जेवण आहे ना हॉलमध्ये? सगळं गाव असेल. तिथंच विचारतो त्यांना."

डोरीनच्या हातातला डाव तसाच राहिला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. "सिरिल," ती म्हणाली, "थांब जरा. ते तसं नाहीये. त्या म्हणाल्या, म्हणजे... त्या कोंबड्या..."

"कोंबड्यांचं काय?"

तो वळून बघत होता. आईचा तो रविवारचा चेहरा जसाच्या तसा. इतकी वर्षं किटलीवर, फाटकावर, आभाळावर तोंड सोडणाऱ्या डोरीनला एवढं एक वाक्य बोलता येईना.

"काही नाही," ती म्हणाली. "कॉलर नीट कर इस्त्री."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, पण सिरिल चहाला गेलाच नाही. आता शनिवारीच भेटायचं म्हणून घरी बसून आरशासमोर सराव करत राहिला. डोरीन शुक्रवारी उठून थ्वेटसाहेबांकडे गेली. "तुम्ही सांगा त्याला. कोंबड्या तुमच्याच."

"मी? तू बहीण आहेस त्याची."

"त्याच्या तोंडाकडे बघून सांगून दाखवा तुम्ही."

थ्वेटसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हवा छान पडलीये," ते म्हणाले.

शनिवारपर्यंत सिरिलच्या गैरसमजाची ही बातमी डोरीनकडून एडनाला आणि एडनाकडून घरोघरी कळली होती, फक्त शोरॉकबाई आणि सिरिल सोडून. गावानं एकच ठरवलं, सिरिलला बोलूच द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो उद्या खाजगीत विचारेल, बाई खाजगीत नाही म्हणतील, आणि सगळं हवेबद्दल बोलण्यात जिरून जाईल.

जेवण सुरू झालं. हॉलभर भोपळे आणि गव्हाच्या पेंढ्या मांडलेल्या. सिरिल खुर्ची सरकवून उभा राहिला. लगेच थ्वेटसाहेबांनी भजन सुरू केलं आणि सगळा हॉल उभा राहून गायला लागला, त्यामुळे सिरिललाही गावं लागलं. भजन संपलं. सिरिलनं घसा खाकरला. एडनाच्या हातून कस्टर्डचा मोठा जग पडला, कस्टर्ड तीन टेबलांपर्यंत गेलं, आणि सगळ्यांना पुसायला वाकावं लागलं. पुसून झालं. सिरिल उभाच. आता पिलिंग म्हातारबांची पाळी होती. ठरल्याप्रमाणे त्यांनी ठसका लागल्याचं सोंग केलं, पण उकडलेला बटाटा खरंच अडकला. सोंग फारच छान वठलंय म्हणून लोक कौतुकानं बघत राहिले. शेवटी डोरीननं पाठीत गुद्दा घातला तेव्हा म्हातारबा वाचले.

"मिसेस शोरॉक," त्या शांततेत सिरिल म्हणाला. आता कुणाजवळच काही उरलं नव्हतं. "तुम्ही दुकानात माझ्याबद्दल बोललात ते डोरीननं मला सांगितलं. माझ्याबरोबर बसणं म्हणजे रंग वाळताना बघणं."

शोरॉकबाई लालबुंद झाल्या. "अहो, मी तसं..."

"लाजू नका. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही." त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली होती. "मी रोज तेच बघतो ना. कारखान्यात माझं कामच ते आहे. ओला असतो तेव्हा त्यात खिडकी दिसते. खिडकीतले ढग दिसतात. मग हळूहळू ढग जातात. कधी जातात ते कळत नाही. गेले म्हणावं तर एखादा कोपऱ्यात असतोच. आणि मग तो नुसता रंग राहतो, बसलेला. पुढं कितीतरी वर्षं तो कुणाच्या तरी भिंतीवर असणार असतो, लोक त्याच्यासमोर जेवणार, भांडणार, आणि त्याला बसताना पाहिलेला मी एकटा. मला वाटायचं, हे कुणाला सांगून कळायचं नाही. पण तुम्हाला कळलं. तर... माझ्याशी लग्न कराल का?"

शोरॉकबाई आ वासून बघत होत्या. हॉलमध्ये कुणी हललं नाही. हे असंच राहिलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण एडनाचा जावई लीड्सहून आला होता, आणि त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "हा माणूस खरंच रंग वाळताना बघतो? पगारावर?" आणि तो हसत सुटला. "अहो, पण त्याच्याइतकं कंटाळवाणं जगात काही नाही! म्हणून तर म्हणतात तसं!"

एडनाच्या नाकातून एक आवाज निघाला. मग पिलिंग म्हातारबांच्या. आणि मग वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. लोक टेबलावर डोकी टेकवून हसले, एकमेकांच्या गळ्यात पडून हसले, थ्वेटसाहेब भोपळ्याला धरून हसले. कुणालाच हसायचं नव्हतं, पण कुणालाच थांबता येत नव्हतं. न हसलेले तिघंच होते, सिरिल, शोरॉकबाई आणि डोरीन.

"असं म्हणतात?" सिरिलनं थ्वेटसाहेबांना विचारलं.

साहेबांनी डोळे पुसले. "म्हणतात, सिरिल."

"आणि कोंबड्या?"

"कोंबड्या मी काढल्या."

सिरिल शोरॉकबाईंकडे वळला. "म्हणजे तुम्हाला माझा कंटाळा येतो."

नाही म्हणणं सोपं होतं. पण बाई ब्लॅकपूलच्या, त्यांना हवेबद्दल बोलता येत नव्हतं. "येतो," त्या हळूच म्हणाल्या.

"सांगितलंत ते बरं केलंत," सिरिल म्हणाला. टोपी घातली आणि बाहेर पडला. त्याला फार वाईट वाटलं होतं. बाई नाही म्हणणार हे त्यानं कितीदा तरी मनात धरून ठेवलं होतं. पण आपल्या हातातली जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, हे त्यानं कधी मनातही आणलं नव्हतं.

सोमवारी तो नेहमीसारखा फळीसमोर बसला. रंग ओला होता. त्यात खिडकी होती, ढगही होते. सिरिल बघत राहिला आणि मग त्यानं मान वळवून घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळानं परत पाहिलं. घड्याळ फारच हळू चाललं होतं.

मंगळवारी डोरीन लोकरीच्या दुकानात शिरली ती दार आपटून.

"तो घड्याळ बघायला लागलाय," ती शोरॉकबाईंना म्हणाली. "काल मी त्या फाटकाचं सांगत होते तर त्यानं जांभई दिली. माझ्यासमोर! मी दुकानातलं बोलणं घरी नेलं ही चूक माझी, कबूल. पण बोललात तुम्ही. आता तुम्हीच निस्तरा. आणि ती निळ्याकडे झुकणारी राखाडी द्या दोन गुंडे."

शोरॉकबाईंनी लोकर दिली, दाराला 'बंद'ची पाटी लावली आणि विणकामाची पिशवी घेऊन ओढ्याकडे चालायला लागल्या.

सिरिलनं पाठीमागं पावलं ऐकली आणि तो स्टुलावरून उठला. बाई धापा टाकत होत्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच. रंग वाळताना."

"कंटाळा येईल तुम्हाला."

"ते मला ठाऊक आहे. दाखवा तुम्ही."

सिरिलनं कोरी फळी घेतली, मॅग्नोलियाचा एक सारखा थर दिला, आणि दोन स्टुलं शेजारी शेजारी ओढली. बाई फळीला खेटलेल्या स्टुलावर बसल्या. सुया काढल्या आणि टिकटिक सुरू केली.

"आता काय होणार?"

"काही नाही. वाळणार."

"मग?"

"मग वाळलेला असणार."

बाई बघत राहिल्या. रंगातून एक ढग सावकाश चालला होता. "तो गेला का?" त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं. "अजून नाही," सिरिल म्हणाला. सुयांची टिकटिक मंदावली. मग एक सुई थांबली, मग दुसरी. सिरिलनं वळून पाहिलं तर शोरॉकबाईंचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, आणि त्या डुलत डुलत बाजूला झुकत होत्या. बाजूला होती फळी.

सिरिलचा हात पुढं गेला. फळी ओढावी, तर बाईंना टेका राहणार नाही. हाक मारावी, तर त्या जाग्या होणार. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही फळी बिघडलेली नव्हती, खिडकीतून येणारी माशीसुद्धा त्यानं कधी बसू दिली नव्हती. पण त्यानं असं झोपलेलं माणूस कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांखालची ती काळी वर्तुळं, दमलेला चेहरा, आणि त्यावरून काहीतरी सावकाश निघून चाललेलं. त्यानं हात मागं घेतला. बाईंचं डोकं मॅग्नोलियावर टेकलं, आणि त्या घोरायला लागल्या.

सिरिल बघत बसला. रंगाकडे नाही. घड्याळ भिंतीवर होतं ते होतंच, पण त्याच्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

भोंगा झाला, माणसं सुटली, तेव्हा शोरॉकबाई दचकून उठल्या. फळी केसांना चिकटून थोडी वर आली आणि मग सुटली. त्यांनी डोक्याला हात लावला. डावा कान, गाल आणि अर्धे केस मॅग्नोलिया झाले होते.

"अगं बाई! मला उठवलं नाहीत?"

"उठवावंसं वाटलं नाही."

"फळी गेली की तुमची!"

"गेली," सिरिल म्हणाला, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

बाई खिडकीबाहेर डोंगरावरच्या उतरत्या उन्हाकडे बघत राहिल्या. आपण किती झोपलो याचा हिशेब त्यांना लागत नव्हता. मग त्यांना एकदम रडू आलं, आणि रडता रडता हसू आलं.

"केनबरोबर मला एक दिवस कंटाळा आला नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवस नाही. रोज त्या भिंतीवर गाडी चढायची, खाली लोक ओरडायचे, मी डोळे घट्ट मिटायचे. आणि रात्री मिटायचे म्हटलं तर मिटत नसत. तो गेला तरी मिटले नाहीत. मी दर गुरुवारी तुमच्यासमोर चिमटे काढून जागी राहायचे हो. मला वाटायचं, पाहुण्यासमोर झोपणं बरं दिसत नाही."

सिरिलनं हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं टोपी काढली आणि चाचरत विचारलं, "मिसेस शोरॉक, मी खरंच कंटाळवाणा आहे का?"

"विनी म्हण," त्या म्हणाल्या. "आणि आहेस रे, सिरिल. फार कंटाळवाणा आहेस. आता दुसरी फळी लाव."

त्यानं लावली. तो स्टुलावर बसल्यावर विनीनं या खेपेला डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं, आणि पहिला ढग कोपऱ्यात पोचायच्या आत ती झोपली. केसांतला मॅग्नोलिया अजून पुरता वाळला नव्हता, तो सगळा त्याच्या कोटाला लागला.